वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी आंतरसांस्कृतिक ऑनलाइन सत्रे कशी आखावीत

दोन देशांतील वैद्यकीय महाविद्यालयांनी आपले विद्यार्थी ऑनलाइन एकत्र आणायचे ठरवले की पहिला बेत बहुधा ठरलेला असतो. दोन्ही बाजूंचे विद्यार्थी आपापल्या देशाची, तिथल्या आरोग्यव्यवस्थेची आणि चालीरीतींची माहिती देणारी सादरीकरणे करतात, थोडी प्रश्नोत्तरे होतात, आभार मानले जातात आणि सत्र संपते. असे सत्र देखणे होते, कोणाची तक्रारही नसते. पण विद्यार्थ्याच्या हाती 'तिकडे रुग्णाला निदान सांगत नाहीत' किंवा 'तिकडे सगळे निर्णय घरातले वडीलधारे घेतात' अशी चार ठोकळेबाज विधाने तेवढी उरतात. पुढे त्या समाजातला एखादा रुग्ण समोर येऊन बसला की हा विद्यार्थी त्याला काही विचारण्याआधीच ती विधाने गृहीत धरतो, आणि काहीच न शिकलेल्या सहाध्याय्यापेक्षा त्याच्या हातून मोठी चूक होण्याचा धोका निर्माण होतो.

पुढील सगळ्या सूचना एका धारणेवर उभ्या आहेत. परक्या संस्कृतीची माहिती मिळवणे हे या सत्रांचे दुय्यम काम आहे. आपण वॉर्डात रोज जे करतो, ज्या क्रमाने बोलतो आणि ज्याला निःशंकपणे 'योग्य पद्धत' म्हणतो तीही एक संस्कृतीच आहे, हे विद्यार्थ्याला स्वतःला दिसणे हे मुख्य काम आहे. मेलनी टर्व्हलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या अमेरिकन डॉक्टरांनी १९९८ मध्ये 'सांस्कृतिक विनम्रता' ही कल्पना मांडली ती याच अंगाने. संस्कृती हा अभ्यासून संपवायचा विषय नव्हे, डॉक्टरने आयुष्यभर स्वतःला तपासत राहावे आणि रुग्ण व डॉक्टर यांच्यातील अधिकाराच्या असमतोलाकडे डोळेझाक करू नये, असे त्यांचे म्हणणे होते. सत्राची आखणी करताना प्रत्येक घटकाला हाच प्रश्न विचारावा की यातून विद्यार्थी दुसऱ्याकडे बघतो आहे, की दुसऱ्याच्या निमित्ताने स्वतःकडे.

परदेशी जाऊन शिकण्याची सोय वैद्यकीय विद्यार्थ्यांना फार पूर्वीपासून आहे. १९५१ मध्ये स्थापन झालेला वैद्यकीय विद्यार्थी संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ अशा देवाणघेवाणी घडवून आणतो. परंतु प्रवास, व्हिसा आणि राहण्याचा खर्च पेलणारे विद्यार्थी थोडेच असतात. न्यूयॉर्कच्या राज्य विद्यापीठाने २००६ मध्ये 'कॉइल' या नावाने सहयोगी आंतरराष्ट्रीय ऑनलाइन शिक्षणाचे केंद्र सुरू केले. दोन देशांतील शिक्षकांनी मिळून एखादा अभ्यासघटक तयार करायचा आणि दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी तो एकत्र पूर्ण करायचा, ही त्याची रीत. २०२० मध्ये महासाथीमुळे अनेक ठिकाणी विद्यार्थ्यांचा रुग्णांशी येणारा प्रत्यक्ष संबंधच थांबला, तेव्हा वैद्यकशिक्षकांना व्हिडिओवर शिकवण्याची सवय झाली. त्यामुळे आज यंत्रसामग्रीची अडचण तितकीशी राहिलेली नाही. खरी कसोटी आखणीची आहे.

जोडीदार संस्था आणि बरोबरीचे नाते

वेगवेगळ्या समूहांतील माणसे नुसती एकत्र आणल्याने पूर्वग्रह कमी होत नाहीत. त्यासाठी भेटीतला दर्जा समान असावा, ध्येय समाईक असावे, ते गाठायला परस्परांची मदत घ्यावी लागावी आणि अधिकारस्थानी असलेल्यांचा पाठिंबा असावा, असे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडले. या चार अटी आखणीच्या टेबलावर लिहून ठेवण्यासारख्या आहेत, कारण ऑनलाइन सत्रांमध्ये पहिलीच अट सर्वांत आधी मोडते. एका बाजूने अभ्यासक्रम लिहायचा, दुसऱ्या बाजूने 'सहभागी' व्हायचे. एका बाजूला श्रेयांक (क्रेडिट) मिळायचे, दुसऱ्या बाजूला नुसते प्रमाणपत्र. सत्राची भाषा एका बाजूची मातृभाषा आणि दुसऱ्या बाजूची तिसरी भाषा, असे झाले की विद्यार्थ्यांना यजमान कोण आणि पाहुणा कोण हे न सांगता कळते. म्हणून दोन्हीकडच्या किमान एकेका शिक्षकाने पहिल्या ओळीपासून आराखडा मिळून लिहावा, सत्रे आळीपाळीने चालवावीत आणि एका बाजूला श्रेयांक देता येत नसतील तर ते दोघांनाही देऊ नयेत.

विद्यार्थ्यांची जुळणी करताना वर्षाच्या आकड्यावर विसंबू नये. काही देशांत विद्यार्थी शाळा संपताच वैद्यकीय शिक्षणाला लागतात आणि ते पाच-सहा वर्षे चालते; अमेरिकेत आधी पदवी घेऊन मग चार वर्षांचे वैद्यकीय शिक्षण घेतात. दोन ठिकाणच्या 'तिसऱ्या वर्षा'त त्यामुळे वयाचे आणि अनुभवाचे मोठे अंतर असू शकते. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: तुमचे हे विद्यार्थी एकट्याने रुग्णाची हिस्टरी, म्हणजे आजाराची पूर्वमाहिती, घेतात का? दोन्हीकडे उत्तर सारखे आले तर जुळणी झाली असे समजावे. गट सहाहून मोठा नसावा आणि प्रत्येक गटात दोन्ही बाजूंचे किमान दोघे असावेत. एकटा पडलेला विद्यार्थी आपोआप आपल्या देशाचा प्रवक्ता बनतो. दोघे असले की त्यांचे आपसांतही मतभेद होतात, आणि एकाच देशातले दोघे एकमेकांशी असहमत होताना दिसणे हा पलीकडच्यांसाठी फार मोलाचा धडा असतो.

घड्याळ, एकके आणि औषधांची नावे

वेळ ठरवताना दोन्हीकडच्या स्थानिक वेळा आणि समन्वित जागतिक वेळ (यूटीसी) असे दोन्ही लिहावे. युरोपात घड्याळे मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जातात, तर अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी. परत येताना युरोपची ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, तर अमेरिकेची नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. आशिया आणि आफ्रिकेतील बहुतेक देश घड्याळाला हात लावतच नाहीत. त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि शरद ऋतूत एक आठवडा युरोप-अमेरिकेतला नेहमीचा फरक चुकतो, आणि अर्धा वर्ग तासभर आधी येऊन रिकाम्या खोलीत बसून राहतो. गैरसोयीची वेळ एकाच बाजूच्या वाट्याला कायम येऊ नये. एक सत्र यांच्या पहाटे झाले तर पुढचे त्यांच्या रात्री व्हावे.

वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या सत्रांत एक अडथळा असा असतो की ज्याचा संस्कृतीशी संबंध आहे असे कोणाच्या ध्यानातही येत नाही. मी चालवलेल्या एका सत्रात एका विद्यार्थिनीने केस सांगताना म्हटले, "साखर अकरा आहे, पण रुग्ण शांत बसून बोलतो आहे, म्हणून आम्ही घाई केली नाही." पडद्याच्या खालच्या ओळीत बसलेल्या तिघांचे चेहरे एकदम बदलले. एकाने मायक्रोफोन सुरू केला, बंद केला, पुन्हा सुरू केला आणि अखेरीस विचारले, "ग्लुकोज तातडीने का दिले नाही?" मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये विचार करणाऱ्या त्या विद्यार्थ्यांच्या लेखी साखर अकरा असलेला रुग्ण मरणाच्या दारात होता, मिलिमोल प्रति लिटरमध्ये बोलणाऱ्या त्या मुलीचा रुग्ण मिलिग्रॅमच्या हिशेबाने सुमारे १९८ वर होता. गोंधळ मिनिटाभरात मिटला, पण त्या मिनिटात दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या प्रशिक्षणाविषयी मनात काय म्हटले असेल ते त्यांच्या चेहऱ्यांवर वाचता येत होते.

तेव्हापासून मी पहिल्या सत्राआधी दोन्ही बाजूंना मिळून एका पानाचा तक्ता करायला लावतो. त्यात ग्लुकोजसाठी १८ चा गुणक असतो (मिलिमोलवरून मिलिग्रॅमकडे जाताना), मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनसाठी ८८.४ चा (मिलिग्रॅमवरून मायक्रोमोलकडे जाताना), आणि गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या एचबीएवनसीचे ६.५ टक्के म्हणजे ४८ मिलिमोल प्रति मोल हेही असते. औषधांची नावेही त्यातच येतात: पॅरासिटामोल आणि अ‍ॅसिटामिनोफेन एकच, अ‍ॅड्रेनालिन आणि एपिनेफ्रिन एकच, साल्ब्युटामोल आणि अल्ब्युटेरॉल एकच. तारखेत आधी दिवस लिहायचा की महिना हेही ठरवून घ्यावे. हा तक्ता शिक्षकाने तयार करून देऊ नये. तो करताना विद्यार्थ्यांची पहिली ओळख एका निरुपद्रवी, उपयोगी कामातून होते आणि 'आपले' आकडे हे जगाचे आकडे नाहीत हे मोठ्या शब्दांशिवाय कळते.

केस: सगळ्याचा गाभा

सत्रात दोन्ही बाजूंना मिळून काहीतरी ठरवावे लागले पाहिजे, आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना ठरवायला लावण्याचे सर्वांत नैसर्गिक साधन म्हणजे केस. ती अशी लिहावी की निदान आणि उपचार यांवर दोन्हीकडे फारसा वाद होणार नाही, पण रुग्णाशी कोणी, कधी, किती आणि कोणासमोर बोलायचे यावर होईल. संसर्ग, औषधप्रतिकार किंवा दुर्मीळ आजार यांच्या केसमध्ये चर्चा झटकन वैद्यकशास्त्राकडे घसरते, कारण तिथे विद्यार्थ्यांना सुरक्षित वाटते.

एक चालणारी केस अशी आहे. ५८ वर्षांच्या शिक्षिकेच्या स्वादुपिंडात पसरलेला कर्करोग आढळला आहे. अहवाल आज सकाळी आला. तिची मुलगी डॉक्टरांना मार्गिकेत गाठून म्हणते, "आईला सांगू नका, ती खचेल. जे ठरवायचे ते माझ्याशी बोला." दहा मिनिटांनी डॉक्टर खाटेजवळ जातात तेव्हा रुग्ण विचारते, "माझा अहवाल आला का?" केस इथेच थांबवावी.

आता पहिले काम प्रत्येकाने एकट्याने आणि लेखी करायचे: उद्या सकाळी तुमच्या वॉर्डात प्रत्यक्षात काय होईल ते लिहा. काय व्हायला हवे ते विचारू नये. 'काय व्हायला हवे' असे विचारले की सगळे पाठ्यपुस्तकातले उत्तर देतात आणि दोन्ही बाजूंची उत्तरे तंतोतंत सारखी येतात. 'काय होईल' असे विचारले की वॉर्ड दिसू लागतो. कोणी लिहितो की वरिष्ठ डॉक्टर येईपर्यंत आम्ही विषय टाळतो, कोणी लिहितो की अहवाल रुग्णाच्या फोनवर आमच्या आधी पोहोचलेला असतो, कोणी लिहितो की बोलायला स्वतंत्र खोलीच नाही. मग उत्तरे अदलाबदल करून वाचावीत. वाचणाऱ्याने शेरे न मारता फक्त तीन प्रश्न विचारावेत.

तिसऱ्या फेरीत गटाने प्रत्येक फरकाचे कारण शोधायचे, आणि इथे शिक्षकाने सर्वाधिक लक्ष द्यावे. विद्यार्थी ज्याला पटकन 'त्यांची संस्कृती' म्हणतात त्यातले बरेचसे कायदा, पैसा आणि वेळ यांचे असते. एका डॉक्टरला एका रुग्णासाठी किती मिनिटे मिळतात, उपचाराचे पैसे कोण भरते, संमतीपत्रावर सही कोणाची लागते, निदान लपवले तर डॉक्टरवर खटला होऊ शकतो का, या प्रश्नांची उत्तरे आधी काढावीत. उरेल त्याला मग संस्कृती म्हणावे. ही चाळण लावल्यावर मागे राहणारा ऐवज नेहमीच अपेक्षेपेक्षा थोडा असतो, आणि तो अधिक खरा असतो.

संस्कृती स्थिर नसते हे दाखवायला दोन आकडे मी या टप्प्यावर हमखास पुढे ठेवतो. १९६१ मध्ये शिकागोतील एका रुग्णालयातील डॉक्टरांना विचारले असता सुमारे ९० टक्क्यांनी कर्करोगाच्या रुग्णाला निदान न सांगण्याकडे कल दाखवला होता. १९७९ मध्ये तीच प्रश्नावली अमेरिकेतील एका विद्यापीठीय रुग्णालयातील डॉक्टरांना दिली, तेव्हा ९७ टक्के सांगण्याच्या बाजूचे निघाले. देश तोच, व्यवसाय तोच, मध्ये अवघी अठरा वर्षे. 'तिकडे सांगतात, इकडे सांगत नाहीत' असे म्हणणारा विद्यार्थी हे ऐकून थांबतो. त्यानंतर १९९५ चा लॉस एंजेलिसमधील अभ्यास सांगावा, ज्यात ६५ वर्षांवरील ८०० व्यक्तींना विचारले गेले होते. पसरलेल्या कर्करोगाचे निदान रुग्णाला सांगावे असे मानणारे युरोपीय वंशाच्या अमेरिकनांमध्ये ८७ टक्के होते, तर कोरियन वंशाच्यांमध्ये ४७ टक्के. विद्यार्थी पहिल्यांदा फरकाकडे बोट दाखवतात. त्यांना ४७ या आकड्याकडे पुन्हा बघायला लावावे: त्या गटातील जवळजवळ निम्म्या लोकांना रुग्णाला सांगावे असेच वाटत होते, म्हणजे समोर बसलेल्या व्यक्तीबद्दल तिच्या वंशावरून केलेला अंदाज नाणेफेकीइतकाच खरा ठरेल. तेव्हा विचारण्यावाचून गत्यंतर नाही.

कसे विचारायचे यासाठी मनोविकारतज्ज्ञ व मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये मांडलेले प्रश्न आजही उत्तम साधन आहेत. तुम्हाला हा त्रास कशामुळे झाला असे वाटते, तो तेव्हाच का सुरू झाला, त्यामुळे शरीरात नेमके काय होते आहे, तो किती गंभीर आहे आणि किती काळ चालेल, कोणते उपचार व्हावेत, त्यातून सर्वांत महत्त्वाचे काय साधावे, या आजाराने कोणत्या अडचणी उभ्या केल्या आणि त्यात सर्वांत जास्त भीती कशाची वाटते, असा त्यांचा आशय आहे. शेवटच्या फेरीत हे प्रश्न एका विद्यार्थ्याने पलीकडच्या देशातील विद्यार्थ्याला विचारावेत, आणि उत्तर देणाऱ्याने रुग्णाची भूमिका न करता स्वतःच्या एखाद्या किरकोळ आजाराबद्दल, त्याची तयारी असेल तरच, उत्तर द्यावे. भावी डॉक्टरांनाही आजाराविषयी स्वतःच्या समजुती असतात आणि त्या पुस्तकाशी जुळतातच असे नाही, हे तेव्हा उघड होते. एकाला विचारले की तापाचे कारण काय वाटते, तर विषाणू म्हणण्याआधी तो म्हणाला, "परीक्षेच्या आधी मी पावसात भिजलो होतो." म्हटल्यावर तो स्वतःच क्षणभर थबकला, आणि गटात त्यानंतर कोणी कोणाच्या समजुतीला अंधश्रद्धा म्हटले नाही.

सत्र चालू असताना

सत्र ९० मिनिटांहून लांबवू नये. त्यातील निम्म्याहून अधिक वेळ छोट्या गटांच्या स्वतंत्र खोल्यांत जावा. एकूण चार सत्रे पुरतात, दोन मात्र अपुरी पडतात, कारण पहिल्या भेटीत सगळे शहाण्यासारखे वागतात आणि खरे बोलणे दुसऱ्या भेटीच्या उत्तरार्धात सुरू होते. लेखी काम सत्रांच्या मधल्या दिवसांत ठेवावे. ज्यांचे इंटरनेट कमकुवत आहे आणि ज्यांना परक्या भाषेत वाक्य जुळवायला वेळ लागतो, अशा दोघांनाही त्याने बरोबरीची संधी मिळते. कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्ती करू नये. वसतिगृहातली खोली किंवा घरातली गर्दी दाखवायची नसणे हे रास्त कारण आहे.

शांततेचा अर्थ पहिल्याच दिवशी उघडपणे बोलून घ्यावा. प्रश्नानंतर चार सेकंद कोणी बोलले नाही की काही विद्यार्थी ती संमती समजून पुढे जातात, काहींच्या लेखी तो विचार करायचा वेळ असतो, तर काहींच्या लेखी ज्येष्ठांनी आधी बोलावे यासाठी मोकळी ठेवलेली जागा असते, आणि त्यात आवाज उशिरा पोहोचण्याचा तांत्रिक भाग मिसळला की अर्थ लावणे अशक्य होते. साधा उपाय असा की निर्णयाच्या प्रत्येक प्रश्नावर प्रत्येकाने आधी चॅटमध्ये एक ओळ लिहावी, सर्वांच्या ओळी आल्यावरच बोलणे सुरू व्हावे.

शक्य असल्यास एका सत्रात प्रशिक्षित नकली रुग्ण आणि दुभाषी आणावेत. विद्यार्थ्याने दुभाष्याकडे न बघता रुग्णाकडे बघावे, "त्यांना विचारा की..." असे न म्हणता थेट रुग्णाशी बोलावे आणि एका वेळी एक-दोनच वाक्ये बोलावीत, हे नियम वाचून येत नाहीत. पडद्यावर ते आणखी कठीण जातात, कारण बोलणाऱ्याची चौकट मोठी होते आणि नजर आपोआप दुभाष्याकडे वळते. रुग्णाची चौकट कायम समोर राहील अशी सोय विद्यार्थ्याने सत्राआधीच करून ठेवावी.

कधीतरी कोणी दुखावणारे बोलेल. "तुमच्याकडे बायकांना स्वतःची शस्त्रक्रिया ठरवता येते का?" असा प्रश्न निरागसपणे विचारला जाईल आणि पलीकडे चेहरे कठोर होतील. अशा वेळी शिक्षकाने विषय बदलू नये आणि विचारणाऱ्याला खोडूनही काढू नये. हा प्रश्न ऐकून काय वाटले हे दुसऱ्या बाजूला, आणि तो कुठून आला हे विचारणाऱ्याला विचारावे. मग तोच प्रश्न उलटा करून दोन्हीकडच्या वॉर्डांना लावावा. दुखावलेल्या विद्यार्थ्याशी त्याच दिवशी त्याच्या शिक्षकाने स्वतंत्रपणे बोलावे. हे टाळले तर पुढच्या सत्राला तो येतो, पण बोलत नाही.

रुग्णाची गोपनीयता

खऱ्या रुग्णाची माहिती सीमेपलीकडे नेऊच नये. केस अनेक रुग्णांच्या अनुभवांतून रचलेली आणि काल्पनिक असावी. रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याविषयीच्या अमेरिकेच्या हिपा कायद्याखालील नियमांत ओळख पटवू शकणाऱ्या माहितीचे १८ प्रकार मोजले आहेत, आणि त्यांत नाव-पत्त्याबरोबर दाखल झाल्याची तारीखही येते. युरोपीय संघात मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या नियमांनुसार आरोग्याची माहिती विशेष संरक्षणाची मानली जाते. एक्स-रेच्या कोपऱ्यातले नाव, पाठीमागच्या फळ्यावरची वॉर्डाची यादी, सत्राचा स्क्रीनशॉट काढून गटात टाकणे, अशा वाटांनी माहिती बाहेर पडते. रेकॉर्डिंग करायचे असेल तर सर्वांची लेखी संमती घ्यावी, नाहीतर ते करूच नये. रेकॉर्डिंगचा लाल ठिपका दिसला की विद्यार्थी मोकळेपणाने बोलत नाहीत.

मूल्यमापन आणि पुढचे पाऊल

'मला इतर संस्कृतींची चांगली जाण आहे' यासारख्या विधानाला विद्यार्थ्यांनी स्वतः दिलेल्या गुणांवर भिस्त ठेवू नये. चांगल्या सत्रांनंतर हे गुण कधीकधी खाली येतात, कारण आपल्याला काय कळत नाही ते विद्यार्थ्याला आत्ताच कळलेले असते, आणि संयोजक त्याला अपयश समजून बसतात. त्याऐवजी तीच केस सुरुवातीला आणि शेवटी लिहायला द्यावी आणि दोन उत्तरांत रुग्णाला विचारलेले प्रश्न मोजावेत. माझ्या अनुभवात पहिल्या उत्तरात विधाने अधिक असतात, दुसऱ्यात प्रश्नचिन्हे. चिंतनपर लेखनाला गुण द्यायचे असतील तर 'आमच्याकडे' हा शब्द जिथे जिथे आला तिथे त्याखाली रेघ मारून, हे नक्की कोणाकडे, असे समासात लिहून ते परत करावे.

शेवटच्या सत्रानंतर महिनाभराने अर्ध्या तासाची एक भेट आधीच ठरवून ठेवावी. मधल्या काळात प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्याच वॉर्डातील, आपलीच भाषा बोलणाऱ्या एका रुग्णाला, शिक्षकाच्या आणि रुग्णाच्या परवानगीने, क्लाइनमन यांचे प्रश्न विचारावेत. भेटीत रुग्णाची ओळख सांगू नये. मला माहीत आहे असे वाटत होते पण माहीत नव्हते असे काय निघाले, एवढेच प्रत्येकाने तीन मिनिटांत पलीकडच्या गटाला सांगावे.